शाळा हवी, पण गेट कुठे? : सोलापूरच्या हद्दवाढ भागातील एका नियोजित माध्यमिक शाळेचे प्रकरण

हे नमुना प्रकरण आहे. त्यातल्या वसाहतीला, भूखंडाला आणि संस्थेला नाव दिलेले नाही. विद्यार्थी, वाहने आणि क्षेत्रफळ यांचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. नियम, कार्यालये आणि सोलापूरची परिस्थिती मात्र आहे तशीच घेतली आहे.

जागा आणि प्रस्ताव

सोलापूर महापालिका १९६४ साली स्थापन झाली. १९९२ मध्ये भोवतालची गावे आत घेऊन हद्द वाढवली, तेव्हापासून या सगळ्या पट्ट्याला ‘हद्दवाढ भाग’ हेच नाव पडले आहे. शेते बिनशेती झाली, लेआउट पडले, बंगले आणि रो-हाउस उभे राहिले. रस्ते, पाणी आणि ड्रेनेज त्यांच्या मागून धावत आले, काही ठिकाणी अजूनही धावतच आहेत.

प्रकरणातली वसाहत जुळे सोलापूरच्या पलीकडे, विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. लेआउट चार हेक्टरचा, घरे दीडशेच्या आसपास, आतले रस्ते नऊ मीटरचे आणि एका कडेने बारा मीटरचा रस्ता. लेआउटला लागून एकाच मालकाचे दोन तुकडे वर्षानुवर्षे मोकळे पडलेले आहेत, प्रत्येकी ०.४० हेक्टर. तिथे मुले क्रिकेट खेळतात, गणपतीचा मांडव पडतो, सकाळी ज्येष्ठ मंडळी फिरतात. एके दिवशी तिथे मुरमाचे डंपर येतात आणि पाठोपाठ संस्थेचा फलक लागतो. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीला ५० विद्यार्थी, म्हणजे १२ तुकड्या आणि ६०० मुले. इमारत तळमजला अधिक दोन मजले. शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे २०१२ च्या राज्य अधिनियमाखालची, शासकीय अनुदान नसलेली.

वसाहतीच्या पहिल्या बैठकीत तक्रारींची यादी तयार होते. गर्दी होईल, पाणी पुरणार नाही, मैदान जाईल, गोंगाट होईल, गेटसमोर टपऱ्या लागतील, घरांच्या किमती पडतील. शेवटी एका ओळीचा ठराव होतो, ‘रहिवाशांचा शाळेस विरोध आहे’, आणि त्याखाली सह्या. या ठरावाने काहीही हलत नाही. कारण तो वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे प्रश्न ‘शाळा असावी का’ हा नसतो. आलेला नकाशा नियमात बसतो का, एवढेच त्याला ठरवायचे असते.

आधी कागद

बैठकीतल्या बहुतेकांची ठाम समजूत असते की ती जागा ‘आमच्या लेआउटची ओपन स्पेस’ आहे. हे तपासायला चार कागद लागतात : विकास योजनेचा (शहरातली कोणती जागा कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या आराखड्याचा) भाग नकाशा, झोन दाखला, मंजूर लेआउटची प्रत आणि जागेचा सातबारा (जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे मिळकत पत्रिका). पहिले दोन नगररचना विभागातून नियमित शुल्क भरून मिळतात. लेआउट आणि बांधकाम परवानगीच्या फाइलसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. त्याला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. म्हणून हा अर्ज बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी गेला पाहिजे. महिनाभर चर्चा करून मग अर्ज केला, तर उत्तर येईपर्यंत पायाचे कॉलम वर आलेले असतात.

कागद हातात आल्यावर चित्र बदलते. लेआउटची दहा टक्के खुली जागा, म्हणजे ४,००० चौरस मीटर, वेगळीच आहे. मंदिर आणि बाके आहेत ती. वादातला एक तुकडा विकास योजनेत ‘माध्यमिक शाळा’ म्हणून आरक्षित आहे आणि त्याला लागून असलेला दुसरा ‘क्रीडांगण’ म्हणून. म्हणजे पहिल्या तुकड्यावर शाळा येणे हे विकास योजनेप्रमाणेच आहे, आणि ‘आमची ओपन स्पेस घेतली’ हा मुद्दा इथेच संपतो. तो अर्जात ठेवला तर बाकीचे खरे मुद्देही त्याच्याबरोबर फेटाळले जातात.

खरा मुद्दा नकाशाच्या कडेला सापडतो. संस्थेच्या बांधकाम नकाशात कंपाउंडची रेघ दोन्ही तुकड्यांना वळसा घालून काढलेली आहे. त्यामागे कारण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि कुंपण दोन्ही आवश्यक आहेत, आणि पाचवी ते आठवीचे वर्ग या कायद्याखाली येतात. स्वतःच्या तुकड्यावर इमारत, समासातली मोकळी जागा आणि पार्किंग बसवल्यावर मैदानाला फार काही उरत नाही. म्हणून शेजारचे सार्वजनिक क्रीडांगण ‘शाळेचे मैदान’ म्हणून आत घेतले जाते. आरक्षण उघडपणे बदलायचे असते, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नोटीस निघाली असती, हरकतींसाठी एक महिना मिळाला असता, सुनावणी होऊन प्रस्ताव शासनाकडे गेला असता. कंपाउंडची रेघ वाढवायला यातले काहीच लागत नाही, कुणाला कळतही नाही. हरकतीचे पहिले कलम हेच असायला हवे.

‘शाळाच नको’ म्हणण्यातला धोका

बैठकीत सहसा न निघणारी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. दोन्ही तुकडे खासगी मालकीचे आहेत. आरक्षण पडले, पण महापालिकेने ते संपादित केलेले नाहीत. अशा जागेचा मालक विकास योजना अमलात येऊन दहा वर्षे झाल्यावर त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी, नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते, आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तिथेही बांधता येते. बारा मीटरच्या रस्त्यावर ते काय असेल, हे वसाहतीतल्या कुणालाही सांगायला नको : खाली दुकाने, वर फ्लॅट.

विरोध करून संस्थेला माघारी पाठवले, तर जागा मोकळीच राहील असे गृहीत धरणे ही या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक ठरेल. शाळेचे आरक्षण शाळेनेच वापरले जाणे आणि क्रीडांगणाचे आरक्षण क्रीडांगण म्हणून शाबूत राहणे, यातच रहिवाशांचे हित आहे. म्हणून क्रीडांगणाच्या संपादनासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, ही मागणी शाळेच्या हरकतीबरोबरच पण वेगळ्या अर्जात गेली पाहिजे.

गेटसमोरची वीस मिनिटे

गर्दीची तक्रार बरोबर आहे, पण ‘वाहतूक कोंडी होईल’ एवढ्यावर ती सोडून देतात. हिशेब मांडला की तिला वजन येते.

६०० पैकी २०० मुले पायी, २०० सायकलवर, १२० पालकांच्या दुचाकीवर आणि ८० रिक्षा-व्हॅनने येतात असे धरू. सकाळी सोडताना त्रास कमी होतो. दुचाकी येते, मूल उतरते, दुचाकी जाते. कोंडी होते ती सुटताना. पालक घंटेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी येऊन थांबतात, म्हणजे १२० दुचाकी एकाच वेळी उभ्या. पार्किंगच्या मापाने एका दुचाकीला एक मीटर रुंदी आणि दोन मीटर लांबी लागते. शिस्तीत एका रांगेत लावल्या तरी १२० मीटर लांबीची रांग होते. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही कडांना अशी रांग लागली की मधे पाच मीटर उरतात. त्यात रिक्षा वळवायच्या, सायकलींनी बाहेर पडायचे, वसाहतीतल्या लोकांनी गाड्या काढायच्या. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा. तो पाळला तर ८० मुलांना २७ रिक्षा लागतील. त्या रिक्षा गेटसमोर मावत नाहीत म्हणून एकेका रिक्षात दहा-दहा मुले कोंबली जातात. मुलांच्या जिवाशी खेळ होतो तो इथे.

नकाशात मुख्य गेट नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर, अगदी कोपऱ्याला दाखवलेले आहे. तिथे दर्शनी भाग चांगला दिसतो आणि इमारतीचा मुख्य जिना त्या बाजूला पडतो, एवढेच त्याचे कारण. रहिवाशांनी मागायचे ते असे. मुख्य गेट बारा मीटरच्या रस्त्यावर, चौकाच्या कोपऱ्यापासून दूर. गेट कंपाउंडच्या रेषेत न ठेवता किमान सहा मीटर आत, म्हणजे गेट बंद असताना थांबणारे वाहन रस्त्यावर राहणार नाही. वाहनांना आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे गेट वेगळे, मधला मार्ग एकेरी. पायी आणि सायकलवरच्या मुलांसाठी तिसरे छोटे गेट आतल्या रस्त्यावर चालेल. त्याचा वसाहतीला त्रास नाही आणि मुले वाहनांत मिसळत नाहीत. पालकांच्या दुचाकींसाठी २४० चौरस मीटर उभे राहण्यापुरते आणि फिरवण्यासाठी साधारण तेवढेच, असे सुमारे ५०० चौरस मीटर आवारात राखावे लागतील. भूखंडाच्या आठव्या हिश्श्याएवढी ही जागा आहे, त्यामुळे संस्था कुरकुरणार हे उघड आहे. तडजोड म्हणून पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांच्या सुटण्यात पंधरा मिनिटांचे अंतर ठेवले, तर एका वेळची गर्दी जवळपास निम्मी होते आणि जागाही कमी लागते.

शालेय बसबाबतचे राज्याचे नियम २०११ चे आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. ती कागदावर राहू नये यासाठी वसाहतीतल्या एखाद्या पालकाने तिच्यात जावे.

एक प्रश्न आत्ताच लेखी विचारून ठेवावा : याच इमारतीत सकाळच्या सत्रात दुसरी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय भरणार आहे का? वरचा सगळा हिशेब एका सत्राचा आहे. दोन सत्रे झाली की दुपारी साडेबाराला एक शाळा सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा दोन्हीकडची वाहने एकत्र येतात.

पाणी : सोलापूरचा स्वतःचा हिशेब

दुसऱ्या शहरातली शाळा पाहून आखलेला नकाशा सोलापुरात इथे फसतो. दिवसा भरणाऱ्या शाळेसाठी राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी ४५ लिटर पाणी धरतात. ६०० मुलांचे रोजचे २७,००० लिटर झाले. रोज पाणी येणाऱ्या शहरात एका दिवसाचा साठा पुरतो. उजनी धरणावर विसंबलेल्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. पाच दिवसांचे चक्र धरले तर साठा १,३५,००० लिटरचा हवा. नकाशात मात्र ३०,००० लिटरची जमिनीखालची टाकी आहे.

अशा टाकीने काय होते ते या पट्ट्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. पाण्याच्या दिवशी मोटर थेट नळाच्या लाइनला लावली जाते, आणि शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार उरते. बाकीचे चार दिवस टँकर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पाच दिवसांच्या चक्रात १,०५,००० लिटर कमी पडतात, म्हणजे दहा-अकरा खेपा. तो टँकर पुन्हा त्याच नऊ मीटरच्या रस्त्यावरून येणार, बहुधा शाळा सुरू असतानाच.

मुले घरी वापरतात तेवढे पाणी शाळेत वापरत नाहीत, प्रत्यक्ष वापर निम्माही असू शकतो, असे संस्था म्हणेल. ते खोटे नाही. पण तरीही ६५,००० ते ७०,००० लिटर साठवावेच लागतात. त्यामुळे मागणी अशी करावी : किमान ७०,००० लिटरची टाकी, त्यापलीकडची गरज कशी भागवणार याचे लेखी उत्तर, नळजोडाला मीटर आणि थेट लाइनला मोटर न लावण्याची अट. बोअरला पाणी लागेल म्हणून साठा कमी धरणे मान्य करू नये. इथला खडक बेसाल्ट आहे, बोअर मार्चनंतर भरवशाची राहत नाही. छतावरचे पाणी मात्र जरूर मुरवावे. ८०० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारे वगळून सहाशे-साडेसहाशे लिटर मिळतात.

पाणी कमी पडले की पहिला फटका स्वच्छतागृहाला बसतो, आणि तो मुलींना बसतो. संहितेतले प्रमाण २५ मुलींमागे एक आणि ४० मुलांमागे एक शौचकूप असे आहे. ३०० मुली आणि ३०० मुले धरली तर मुलींसाठी १२, मुलांसाठी ८ आणि शिवाय १५ मुताऱ्या. नकाशात दर मजल्यावर दोन्हींसाठी सारखीच संख्या दाखवलेली असते, ती मोजून पाहावी. ‘हा आमचा प्रश्न नाही’ असे रहिवाशांना वाटू शकते. पण बंद पडलेल्या संडासामुळे घरी बसणारी मुलगी कुणाची तरी आहेच, आणि तुंबलेला सेप्टिक टँक शेवटी याच गल्लीत वाहतो.

भराव

डंपर आले तेव्हाच हा प्रश्न सुरू झाला होता. जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी. म्हणून वरची माती काढून मुरमाचा भराव घालतात, ते योग्यच आहे. चूक होते ती भरावाच्या उंचीत. भूखंड रस्त्याच्या मध्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच झाला की त्याचे पावसाचे पाणी शेजारच्या जुन्या, खालच्या पातळीवर बांधलेल्या घरांत शिरते. ज्या बाजूने पूर्वी पाणी वाहून जायचे तिथे आता कंपाउंडची भिंत असते. फुगणाऱ्या मातीवर कमी खोलीच्या पायाची भिंत दोन पावसाळ्यांत तडकते, ते वेगळेच. नकाशावर जोत्याची आणि आवाराची पातळी रस्त्याच्या मध्याच्या संदर्भात लिहायला लावावी आणि पावसाळी गटार कुठे जोडणार ते रेखाटायला लावावे. भराव घालण्याआधीचे फोटो, शेजारच्या घराच्या जोत्यासह, तारखेसकट काढून ठेवावेत. नंतर हा एकच पुरावा कामाला येतो.

बाकीचे मुद्दे थोडक्यात

गोंगाटाच्या मुद्द्यावर वेळ घालवू नये. शाळा दिवसा भरते, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. सकाळच्या परिपाठाचे लाउडस्पीकर आवाराच्या आत वळवून लावा, एवढी अट पुरे. शाळेभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होते, ही समजूत २०१७ च्या दुरुस्तीनंतर बरोबर नाही. शासनाने तसे अधिसूचित करावे लागते. टपऱ्यांबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे : शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. मावा-गुटख्याची टपरी शाळेआधी येऊन बसते, म्हणून तिच्यावर पहिल्याच दिवसापासून लक्ष हवे. कडेची कडुनिंबाची झाडे तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घरांच्या किमतींचा मुद्दा अर्जात लिहूच नये.

बैठकीला नसलेले लोक

विजापूर रोडच्या पलीकडे कामगारांची वस्ती आहे. घरोघर विड्या वळतात, काही जण यंत्रमागावर जातात. घरांत कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही भाषा चालतात. तिथल्या महापालिका शाळेत आठवीपर्यंतच वर्ग. शिक्षण हक्क कायद्याचे मोफत शिक्षणही आठवीलाच थांबते. नववीची शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी हा नियोजनाचा निकष कागदावर पूर्ण होतो, पण मधे विजापूर रोड आहे, आणि जड वाहनांतून मुलीला सायकलने पाठवायला आई-वडील धजावत नाहीत. या आयांना शाळा हवी आहे. वसाहतीच्या बैठकीचा निरोप त्यांच्यापर्यंत कुणी नेलेला नाही.

त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि वसाहतीच्या प्रश्नांपेक्षा जास्त कळीचे आहेत. माध्यम कोणते? फी किती? पंचवीस टक्के राखीव जागांतून आपल्या मुलीला प्रवेश मिळेल, अशी आशा तिथे बरेच जण धरून असतात. ती इथे फोल आहे. तो प्रवेश पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या वर्गात होतो, आणि पाचवीपासून सुरू होणाऱ्या शाळेत तो वर्गच नाही. अनुदानित शाळेत मुलींना मिळणारी फीमाफी स्वयंअर्थसहाय्यित शाळेला लागू होत नाही. मग वस्तीच्या हाती दोन रस्ते उरतात : संस्थेशी बोलून काही जागा कमी फीत लेखी मिळवणे, किंवा महापालिकेच्या शाळेला नववी-दहावीचे वर्ग जोडण्याची मागणी करणे. दुसरा रस्ता लांबचा आहे, पण तोच टिकाऊ आहे, आणि दीडशे घरांच्या सह्या त्या मागणीवर पडल्या तर तिचे वजन वाढते.

अर्ज कुठे, कसा

माध्यमिक शाळेची फाइल महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे असते, असे समजून लोक तिथे खेटे घालतात. शहरातली असली तरी माध्यमिक शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या अखत्यारीत येते. इरादापत्र मिळाले आहे की अंतिम मान्यता, कोणत्या इयत्तांना, कोणत्या माध्यमाला, हे तिथे विचारायचे. गेट, कंपाउंड, भराव आणि टाकी यांसाठी नगररचना आणि बांधकाम परवानगी विभाग. नळजोडासाठी पाणीपुरवठा विभाग. रस्त्यावरच्या थांब्यासाठी आणि वेगमर्यादेसाठी शहर वाहतूक शाखा. एकच अर्ज सगळीकडे पाठवला, तर प्रत्येक कार्यालय तो दुसऱ्याकडे ढकलते. म्हणून प्रत्येक कार्यालयाला वेगळा, एका पानाचा अर्ज करावा आणि आवक क्रमांक घ्यावा. उत्तर आले नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा, तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन आहे.

‘वाहतुकीचा त्रास होईल, कृपया विचार व्हावा’ असे लिहून उत्तर मिळत नाही. असे लिहावे : ‘नकाशातील मुख्य गेट ९ मीटर रस्त्यावर व चौकालगत आहे. शाळा सुटताना अंदाजे १२० दुचाकी तेथे थांबतील. गेट १२ मीटर रस्त्यावर, कंपाउंडपासून ६ मीटर आत घेऊन सुधारित नकाशा सादर करण्याची अट बांधकाम परवान्यात नमूद करावी.’ शेवटचे चार शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. बैठकीत संस्थेने मान्य केलेली गोष्ट इतिवृत्तात राहते, आणि इतिवृत्त इमारत बांधत नाही. अट परवान्यावर असेल तरच भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीच्या, वेळी ती तपासली जाते. भोगवट्याआधीच जूनमध्ये वर्ग भरले, तर हा शेवटचा धागाही सुटतो. त्यामुळे एप्रिलमध्ये पुन्हा एकदा फाइल पाहायला जावे.

यातून पदरात काय पडते? गेटची जागा, आत घेतलेले गेट आणि जोत्याची पातळी या गोष्टी नकाशा मंजूर होण्याआधी मागितल्या तर बहुधा मिळतात, कारण तेव्हा त्यांना संस्थेचा फारसा खर्च येत नाही. मोठी टाकी भांडून मिळते. सुटण्याच्या वेळांतले अंतर तोंडी मान्य होते आणि वर्षभरात विसरले जाते, म्हणून ते परिवहन समितीच्या इतिवृत्तात दर जूनला नव्याने लिहून घ्यावे लागते. विजापूर रोड ओलांडण्याचा प्रश्न शाळेच्या फाइलमध्ये सुटत नाही. त्यासाठी वस्ती आणि वसाहत यांनी मिळून वाहतूक शाखेकडे, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळांसह, स्वतंत्र मागणी करावी लागते.

क्रीडांगणाचे आरक्षण शाबूत राहिले आणि शाळेला ते शाळेच्या वेळेत वापरू दिले, तर दोन्ही बाजू राजी होऊ शकतात : सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच शाळा, त्याआधी आणि त्यानंतर, रविवारी आणि सुटीत सगळ्यांना खुले. मग क्रीडांगणाच्या बाजूने भिंतीऐवजी जाळी आणि रस्त्याच्या बाजूला स्वतंत्र दार हवे. त्या दाराला कुलूप कुणी लावायचे आणि किल्ली कुणाकडे, हे करारात नावानिशी नाही तरी पदानिशी लिहिलेले असावे. ती किल्ली महापालिकेच्या झोन कार्यालयाकडे असणे योग्य. संस्थेच्या शिपायाकडे नको, आणि वसाहतीच्या अध्यक्षाकडेही नको.